दूरचित्रवाणीवर बातम्या द्यायच्या आहेत? मुंबईत या क्षेत्रात येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादर-डोंबिवलीची, तशीच लातूर-कुडाळहून मुंबईत आलेली मुलंमुली या कामाबद्दल विचारायला येतात. काहींच्या डोळ्यांसमोर वृत्तवाहिनीचा झगमगता स्टुडिओ असतो, काहींच्या घरी आजी-आजोबा अजूनही सह्याद्रीच्याच बातम्या लावतात. प्रश्न मात्र बहुतेकांचे सारखे असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सार्वजनिक प्रसारणावर यात जास्त भर आहे, कारण त्याबद्दल सर्वांत कमी सांगितलं जातं.

वृत्तनिवेदक, वार्ताहर आणि सूत्रसंचालक यांत फरक काय?

वार्ताहर बातमी आणतो, वृत्तनिवेदक ती प्रेक्षकांपर्यंत पोहोचवतो आणि सूत्रसंचालक कार्यक्रम पुढे नेतो, पाहुण्यांना बोलतं करतो. कागदावर हा फरक स्पष्ट दिसतो, कामात तो पुसट होतो. खासगी वाहिनीत सकाळी आझाद मैदानातल्या आंदोलनातून लाइव्ह देणारी मुलगी संध्याकाळी अँकरच्या खुर्चीत दिसते. दूरदर्शनवर निवेदक आणि वार्ताहर बराच काळ वेगळे राहिले, तरी चांगला निवेदक संपादनाच्या टेबलाशी बसून स्वतःच्या बातम्या स्वतः नीट करून घ्यायचा. ही सवय आजही लावून घ्यावी.

त्यासाठी चेहरा देखणा हवा का?

नाही. कॅमेऱ्यासमोर स्वस्थ बसता यावं, नजर स्थिर असावी आणि बोललेलं समजावं. चेहरा पहिल्या चार दिवसांत प्रेक्षकाच्या सवयीचा होतो. वाचणाऱ्याला बातमी कळलेली नाही, हे मात्र वर्षानुवर्षं लपत नाही.

मुंबई दूरदर्शनचा इतिहास आम्ही कशाला वाचायचा?

कारण तुम्ही ज्या भाषेत बोलणार आहात, ती दूरचित्रवाणीची मराठी वरळीतल्या दूरदर्शन केंद्रात घडली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. दिल्लीनंतरचं ते देशातलं दुसरं केंद्र. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यालाही चित्र दिसू लागलं. त्या वेळी दूरदर्शन आकाशवाणीचाच भाग होतं, १ एप्रिल १९७६ला ते वेगळं झालं. त्यामुळे सुरुवातीच्या मंडळींचे कान रेडिओवर तयार झालेले होते आणि ते ऐकताना जाणवायचं.

भक्ती बर्वे, अनंत भावे, प्रदीप भिडे ही नावं घरोघरी माहीत होती. सिनेमात येण्याआधी स्मिता पाटीलही इथेच बातम्या वाचत होत्या. भिड्यांनी १९७४पासून सुमारे चार दशकं बातम्या दिल्या. त्यांच्या जुन्या चित्रफिती पाहायला मिळाल्या तर एक गोष्ट मुद्दाम पाहा: वाक्याच्या शेवटी त्यांचा आवाज कोसळत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं. मंजूर झालं की फेटाळलं, आहे की नाही, हे सगळं वाक्याच्या टोकाला ठरतं. निवेदकाचा श्वास तिथेच संपला तर बातमीच गेली. आजच्या कितीतरी अँकरना हे कोणी सांगितलेलंच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सार्वजनिक प्रसारण म्हणजे सरकारी बातम्याच ना?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला पळवाट काढू नये. प्रसार भारतीचा कायदा १९९०चा, अंमलात आला १९९७मध्ये. त्याने दूरदर्शन आणि आकाशवाणी एका स्वायत्त महामंडळाकडे दिली. पण पैसा मुख्यतः सरकारकडून येतो आणि वृत्त विभागात केंद्र सरकारच्या भारतीय माहिती सेवेचे अधिकारी असतात. त्यामुळे मंत्र्यांच्या उद्‌घाटनांना बातमीपत्रात त्यांच्या वजनापेक्षा जास्त जागा मिळते, हे प्रेक्षकालाही दिसतं.

तरीही त्याच कायद्यातलं कलम १२ नव्या निवेदकाने एकदा तरी वाचावं. नागरिकांना सार्वजनिक हिताच्या सर्व बाबींवर मोकळी, खरी आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा हक्क जपणं, शेती, शिक्षण, आरोग्य, पर्यावरण यांकडे विशेष लक्ष देणं, स्त्रिया, आदिवासी आणि अल्पसंख्याक यांच्या गरजा पाहणं ही उद्दिष्टं तिथे स्पष्ट लिहिलेली आहेत. त्याआधी १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात प्रसारणाच्या लहरी (एअरवेव्हज) ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे या खुर्चीवर हक्क प्रेक्षकाचा आहे. तो मिळतो का, हे रोजच्या कामात ठरतं: कोणता प्रश्न विचारला, कोणतं विशेषण गाळलं, कोणाचा बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं छोटं म्हणणं, घेतला.

जाहिरातदाराला ज्याच्यात रस नाही, अशा माणसासाठी कार्यक्रम करणं हे सार्वजनिक प्रसारणाचं खरं काम. 'आमची माती आमची माणसं' शेतकऱ्यासाठी होता आणि शेतकऱ्याच्या वेळेला लागायचा. कर्णबधिरांसाठीचं बातमीपत्र दूरदर्शनने चालवलं, तेव्हा त्यात कुणाचा नफा नव्हता.

शिक्षण कोणतं घ्यावं?

पदवी हवीच, कोणत्याही शाखेची चालते. पत्रकारितेसाठी मुंबई विद्यापीठाचा विभाग, कलिन्यातली गरवारे संस्था, पुण्याचा रानडे इन्स्टिट्यूट, धोबीतलावचं झेवियर्सचं संज्ञापन केंद्र असे पर्याय आहेत. मुंबईतल्या काही महाविद्यालयांत मास मीडियाची पदवी मराठीतूनही करता येते. भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

अभ्यासक्रम दारापर्यंत नेतो. पुढे राज्यघटना, अर्थसंकल्प, पालिकेचा कारभार, पाऊस-पाणी, पिकं आणि न्यायालयांची उतरंड यांची समज उपयोगी पडते. सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय यांत घोळ घालणारा निवेदक कितीही गोड आवाजाचा असो, त्याच्यावर विश्वास बसत नाही.

दूरदर्शन किंवा आकाशवाणीवर निवड कशी होते?

हंगामी पॅनेलसाठी, म्हणजे गरजेनुसार बोलावल्या जाणाऱ्यांच्या यादीसाठी, जाहिरात निघते. ती प्रसार भारतीच्या संकेतस्थळावर येते, त्यामुळे तिथे नियमित पाहत राहा, ओळखीपाळखीवर अवलंबून राहू नका. साधारणपणे आधी लेखी परीक्षा होते: सामान्य ज्ञान, चालू घडामोडी, इंग्रजी-हिंदीतून मराठीत भाषांतर. मग आवाजाची चाचणी आणि दूरदर्शनसाठी कॅमेऱ्यासमोरची चाचणी. आकाशवाणीत हे पद निवेदक आणि भाषांतरकार असं जोडूनच असतं.

लेखी परीक्षेत गळणाऱ्यांत उत्तम आवाजाची मुलं बरीच असतात. भाषांतराचा सराव रोज करा. एखाद्या इंग्रजी वृत्तसंस्थेची बातमी घ्या, वाचा, बाजूला ठेवा आणि आईला फोनवर सांगाल तशी मराठीत लिहा.

पॅनेलवर नाव आलं की नोकरी लागली, असं नाही. महिन्यातून ठरावीक वेळाच बोलावणं येतं आणि मानधन त्या त्या दिवसापुरतं असतं. घरच्यांना हे आधीच स्पष्ट सांगा.

बातमी 'बोलण्यासाठी' लिहायची म्हणजे काय?

या सगळ्या पानातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

वर्तमानपत्र वाचणाऱ्याला वाक्य कळलं नाही तर तो पुन्हा वाचतो. बातम्या ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते, खालून भाजीवाला ओरडतो, आणि तुमचं वाक्य निघून गेलेलं असतं. ते पहिल्याच वेळी पोहोचायला हवं.

मंत्रिमंडळाच्या बैठकीनंतर येणारी प्रेसनोट साधारण अशी असते:

"राज्यातील अवेळी पावसामुळे बाधित झालेल्या शेतपिकांच्या नुकसानीपोटी शेतकऱ्यांना देय असलेल्या मदतीचे वितरण करण्याबाबतच्या प्रस्तावास आज मंत्रिमंडळाच्या बैठकीत मान्यता प्रदान करण्यात आली असून, सदर रक्कम थेट लाभार्थ्यांच्या बँक खात्यात वर्ग करण्यात येणार आहे."

हे मोठ्याने वाचून पाहा. मान्यता कशाला मिळाली, हे कळेपर्यंत ऐकणाऱ्याचं लक्ष उडालेलं असतं. आता हे:

"अवकाळी पावसानं पिकांचं नुकसान झालेल्या शेतकऱ्यांना मदत द्यायला राज्य मंत्रिमंडळानं आज मंजुरी दिली. ही रक्कम थेट त्यांच्या बँक खात्यात जमा होईल."

'सदर', 'प्रदान', 'वर्ग करणे' गेलं. 'लाभार्थी' गेला आणि शेतकरी शेतकरीच राहिला. 'मान्यता देण्यात आली' या कर्मणी रचनेत कोणी दिली ते झाकलं जात होतं, आता कर्ता समोर आला.

पण काम इथे संपत नाही. वाक्य साधं केलं की त्यातलं रिकामपण दिसू लागतं. मदत हेक्टरी किती? किती हेक्टरपर्यंत? पंचनामे पूर्ण झालेत का? पैसे कधी जमा होणार? मराठवाड्यात टीव्हीसमोर बसलेल्या शेतकऱ्याच्या मनात हेच प्रश्न असतात. प्रेसनोटमध्ये उत्तरं नसतील तर फोन उचलून विचारावं. सोपं लिहिण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठी. जड भाषेत बातमीतली भोकं बुजलेली दिसतात.

उच्चार सुधारण्यासाठी काय करावं?

रोज मोठ्याने वाचा आणि स्वतःचं ध्वनिमुद्रण ऐका. ण-न, ळ-ल, श-ष यांकडे लक्ष द्या. च, ज, झ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत, लिपीत ते दिसत नाहीत. 'जग बदलतं' मधला ज आणि 'सुखाने जग' मधला ज वेगळा. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांचा इथे घोटाळा होतो, पण सहा-आठ महिन्यांच्या नियमित सरावाने तो जातो, निराश होऊ नका.

गावांची नावं त्या गावच्या माणसाला विचारून घ्या. जिल्ह्याच्या वार्ताहराला एक फोन केला की काम होतं. आपल्या गावाचं नाव चुकीचं ऐकलेला माणूस त्या बातमीपत्रावर पुन्हा भरवसा ठेवत नाही.

तुमची बोली मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी असेल तर तिची लाज बाळगू नका. बातमीपत्राची भाषा प्रमाण असते कारण ती चांद्यापासून बांद्यापर्यंत सगळ्यांना कळायला हवी. घरची बोली त्यासाठी टाकून द्यायची नसते, आणि चर्चेच्या कार्यक्रमात पाहुणा बोलीत बोलला तर त्याला त्यातच बोलू द्यावं.

आकडे वाचताना अडखळायला होतं, उपाय?

स्क्रिप्टवर आकडा अक्षरांत लिहून घ्या. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी या तिघांनी भल्याभल्यांची जीभ वळवली आहे. शिवाय ऐकणाऱ्याला अचूक आकड्यापेक्षा अंदाज हवा असतो. 'दोन हजार चारशे सत्त्याऐंशी कोटी' ऐवजी 'सुमारे अडीच हजार कोटी' म्हणा, नेमका आकडा पडद्यावर दाखवा. मृतांची संख्या मात्र कधीही गोळाबेरीज करून सांगू नये.

प्रॉम्प्टर असताना सरावाची गरज काय?

प्रॉम्प्टर म्हणजे कॅमेऱ्यापाशी मजकूर सरकवत दाखवणारा पडदा. तो बंद पडतो. पुढे पळतो. मधली ओळ गळते. म्हणून हातात कागद ठेवावा आणि पानं बातमीबरोबर उलटत राहावं.

त्याहून अवघड असतो कानातला टॉकबॅक, म्हणजे नियंत्रण कक्षातून येणाऱ्या सूचना. तुम्ही मंत्रालयातली बातमी वाचत असता आणि पीसीआरमधून, म्हणजे त्या नियंत्रण कक्षातून, पॅनेल प्रोड्यूसर सांगत असतो, "पुढची बातमी ड्रॉप, फोनो घेतोय, रत्नागिरी." (फोनो म्हणजे फोनवरून थेट बोलणं.) तोंड चालू ठेवून कान वेगळीकडे देता आला पाहिजे. घरी सराव करायचा तर कानाला रेडिओ लावून वर्तमानपत्र मोठ्याने वाचा. आधी डोकं भणभणतं, हळूहळू जमतं.

मुलाखत चांगली कशी घ्यावी?

"याबद्दल काय सांगाल?" हा प्रश्न पूर्ण सोडून द्या. तो विचारला की पाहुणा पाठ केलेलं भाषण सुरू करतो आणि तुमची पाच मिनिटं जातात.

समजा, पावसाळा आहे, आदल्या दिवशी मुंबई तुंबली होती आणि स्टुडिओत डॉक्टर आल्या आहेत. "लेप्टोस्पायरोसिस म्हणजे काय?" असंही विचारता येतं (हा तुंबलेल्या पाण्यातून होणारा आजार). पण असं विचारून पाहा: "काल हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून चालत घरी गेलेल्या माणसानं आज काय करावं?" लगेच उत्तर कामाचं होतं. मग पुढचं: पायाला जखम असेल तर? डॉक्टरांकडे किती वेळात जायचं? ताप येण्याची वाट बघायची का? प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने पहिल्या चोवीस ते बहात्तर तासांत घ्यायची असते, हे अशाच प्रश्नातून बाहेर येतं, आणि काल पाण्यातून चालत गेलेल्या माणसाकडे तेवढाच वेळ असतो.

पाहुण्यांशी आधी फार गप्पा मारू नका, चांगलं उत्तर मेकअप रूममध्येच संपून जातं. त्यांचं लिखाण, काम, जुन्या मुलाखती वाचून जा. प्रश्न लिहून न्या, पण उत्तर ऐका. समोरचा बोलत असताना कागदातला पुढचा प्रश्न शोधणारा सूत्रसंचालक प्रेक्षकाला दिसतो.

मंत्री असोत वा आयुक्त, 'साहेब' म्हणू नये. नाव आणि आडनाव, किंवा पदाचं नाव पुरे. आदर क्रियापदात राहतोच. प्रश्न टाळला तर शांतपणे तोच पुन्हा विचारावा, आवाज चढवण्याची गरज नसते. रस्त्यावरच्या, घर पडलेल्या, मूल गमावलेल्या माणसाशी बोलताना "आपल्याला कसं वाटतंय?" हा प्रश्न तोंडातून येता कामा नये. ते बोलायला तयार नसतील तर कॅमेरा खाली घ्या. त्या बाईटशिवाय बातमी अडत नाही.

पूर, अपघात, हल्ला अशा वेळी काय सांभाळावं?

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी पाणी येतंय अशी अफवा पसरली, विलेपार्ल्याच्या नेहरूनगरात चेंगराचेंगरी झाली आणि माणसं मेली. पावसातून वाचलेली माणसं अफवेने गेली. अशा दिवशी निवेदकाने शांत, सावकाश आणि फक्त खात्रीचं बोलावं. काय माहीत आहे, कोणी सांगितलं, किती वाजताची माहिती आहे, हे तिन्ही दर वेळी सांगावं. रेल्वे कुठपर्यंत चालू आहे, कोणता रस्ता बंद आहे, पाणी कधी येणार, हे पुन्हा पुन्हा द्यावं, कारण दर पाच मिनिटांनी नवा माणूस टीव्ही लावत असतो.

२६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात कारवाईचं थेट प्रक्षेपण झालं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या निकालात त्यावर कठोर शब्दांत टीका केली. २०१५पासून केबल टीव्हीच्या नियमांनुसार दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना तिचं थेट प्रक्षेपण करता येत नाही, नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच देता येते. हा नियम प्रत्येकाला पाठ हवा. एखादा उत्साही वरिष्ठ कानात काही वेगळं सांगेल तेव्हा तो लागेल.

खासगी वाहिनी की दूरदर्शन?

जमल्यास सुरुवात खासगी वाहिनीच्या असाइनमेंट डेस्कवर, म्हणजे वार्ताहरांना कामं वाटून देणाऱ्या टेबलावर, करा. २००७-०८च्या सुमारास मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या एकामागून एक आल्या आणि तिथे धावपळीत कामाचा हात लवकर बसतो. दिवसाला तीन-चार लाइव्ह, पीटूसी (कॅमेऱ्याकडे पाहून बातमी सांगणं), बाईट कापणं, व्हिओ (दृश्यांवर आवाज) देणं, सगळं करावं लागतं. मात्र तिथल्या चर्चांत चार खिडक्यांत चार माणसं एकाच वेळी ओरडतात आणि त्याची सवय लागते, ती वेळीच तोडावी. दूरदर्शनवर वेग कमी, पण शेती, साहित्य, आरोग्य, विज्ञान यांवर अर्धा तास निवांत बोलायची जागा अजून आहे. अशी जागा मराठीत दुसरीकडे फार कमी उरली आहे.

पगार, पाळ्या, सुरक्षितता?

सुरुवातीचा पगार मुंबईतल्या भाड्याच्या मानाने कमी असतो. कंत्राट असतं. सकाळच्या बातमीपत्रासाठी पहाटे पोहोचावं लागतं, रात्रीच्या पाळीला शेवटची लोकल चुकते. ऑफिसची गाडी मिळणार का, हे मुलामुलींनी दोघांनीही रुजू होण्याआधी विचारावं, आणि लेखी घ्यावं. १९५५चा श्रमिक पत्रकार कायदा वर्तमानपत्रांपुरता होता, त्यामुळे टीव्हीतली माणसं दीर्घकाळ त्याच्या बाहेर राहिली. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रार करताना त्याचा उल्लेख करा.

अधिस्वीकृतीपत्रिका, म्हणजे सरकारमान्य पत्रकार असल्याचं ओळखपत्र, राज्याचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं. अनुभवाच्या अटी पूर्ण झाल्या की लगेच अर्ज करा, मंत्रालयात वावरताना ती उपयोगी पडते.

कपड्यांचं काय?

बारीक चौकडी आणि दाट रेघा कॅमेऱ्यात थरथरतात. मागे हिरवा पडदा असेल तर हिरवं नको. वाजणाऱ्या बांगड्या काढून ठेवाव्यात, कॉलर माइक सगळं पकडतो.

चाळिशीनंतर या कामात राहता येतं का?

पुरुषांना हा प्रश्न कोणी विचारत नाही, बाईला मात्र खुर्चीवरून उठवलं जातं. खासगी वाहिन्यांत हे सर्रास घडतं आणि ते अन्यायाचं आहे. तिचा आवाज, तिची समज, तिने पाहिलेल्या निवडणुका हे सगळं त्याच वयात पिकलेलं असतं. संपादन, निर्मिती, संशोधन यांपैकी एक तरी काम पहिल्या दिवसापासून शिकून ठेवावं, म्हणजे खुर्ची कोणाच्या मर्जीवर राहत नाही.

एआय निवेदक आले, मग आमचं काय?

दूरदर्शननेच मे २०२४मध्ये शेतकऱ्यांसाठीच्या डीडी किसान वाहिनीवर 'क्रिश' आणि 'भूमी' हे दोन एआय निवेदक आणले. बाजारभाव, हवामान अशा ठरावीक बातम्या यंत्र वाचेल, आणि अडखळणार नाही. त्यामुळे नुसतं स्वच्छ वाचणं येत असेल तर काळजी करायलाच हवी. पण 'हेक्टरी किती?' हा प्रेसनोटमध्ये नसलेला प्रश्न विचारायला, रत्नागिरीच्या फोनोवर समोरचा घाबरला आहे हे ओळखून प्रश्न बदलायला, चुकीची बातमी गेली तर त्याच बातमीपत्रात तोंडाने दुरुस्ती करून जबाबदारी घ्यायला माणूस लागतो. तयारी त्याची करा.

पहिल्या चाचणीला जाताना काय न्यावं?

ओळखपत्र, पदवीची प्रमाणपत्रं, त्या दिवसाची दोन मराठी वर्तमानपत्रं वाचून झालेली, आणि पाण्याची बाटली. चहा-कॉफी, दही टाळा, घसा बसतो असा बहुतेकांचा अनुभव आहे. वरळीला जाणार असाल तर पांडुरंग बुधकर मार्गावर उतरा, तीनशे मीटरचा मनोरा लांबूनच दिसतो. तासभर आधी पोहोचा. कागद हातात मिळाला की आधी मनात वाचा, अनोळखी नावांखाली रेघ मारा आणि उच्चार परीक्षकांना सरळ विचारा. विचारणारा उमेदवार त्यांना आवडतो, कारण रोजच्या बातम्यांतही त्याने तेच करायचं असतं.